तिसऱ्या आणायच्या की नाही?

प्रश्न: ताई, माझा भाचा मुंबईकडे ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला आहे. चतुर्थीला आला तेव्हा म्हणाला की जुन्या पाइपांच्या आत रेडिओॲक्टिव्ह थर जमतो, तो साफ करताना मास्क, सूट सगळं घालावं लागतं. तेव्हापासून आमच्या हिने तिसऱ्या आणि शिनाणे, शिंपल्यातलं काहीच घरात आणणं बंद केलंय. एवढं घाबरायचं कारण आहे का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: भाचा खरंच सांगतोय, पण वहिनींना म्हणावं तिसऱ्या आणा. जमिनीखालच्या खडकात युरेनियम, थोरियम मुळातच असतं, त्यातून रेडियम हे रेडिओॲक्टिव्ह मूलद्रव्य तयार होतं आणि तेलाबरोबर वर येणाऱ्या खारट पाण्यात उतरतं. त्या पाण्यात विहिरीत सोडलेलं समुद्राचं पाणी मिसळलं की पाइपच्या आत बेरियम सल्फेटचा कडक थर बसतो, गिझरच्या कॉइलवर क्षार चढतो ना तसाच, फक्त यात रेडियमपण अडकून बसतं. आणि रेडियम-226 निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात! गॅसच्या लाइनीत वेगळा प्रकार, तिथे रेडॉन वायू जातो आणि मागे शिसं-210, पोलोनियम-210 हे रेडिओॲक्टिव्ह पदार्थ सोडून जातो.

पाइप धड आहे तोवर फारसं काही होत नाही, थरातून निघणारे अल्फा कण (किरणोत्सर्गाचाच एक प्रकार) साध्या कागदानेसुद्धा अडतात. भानगड सुरू होते पाइप गंजून फुटल्यावर, कारण थराचा चुरा चिखलात जातो आणि तो चिखल खाऊनच जगणारे किडे, समुद्रकाकडी वगैरेंच्या पोटात जातो, आणि आतून अल्फाचा मारा बसला की पेशींना तो जास्त बाधतो. बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही हे खरं, पण ऑक्सिजन नसलेल्या चिखलात काही बॅक्टेरिया तेही हळूहळू फोडतात, मग मोकळं झालेलं रेडियम कॅल्शियमसारखं वागून शिंपल्यांच्या कवचात शिरतं. युरोपातल्या नॉर्थ सी समुद्रात आणि ऑस्ट्रेलियात म्हणूनच वाद चाललाय की जुन्या लाइनी काढायच्या की तिथेच सोडायच्या. मला विचाराल तर आत किती थर आहे ते न मोजता ‘राहू दे तिथेच’ म्हणणं हा निव्वळ खर्च वाचवायचा धंदा. बॉम्बे हाय हे आपलं समुद्रातलं तेलक्षेत्र 1974 ला सापडलं, 1976 पासून तिथे तेल काढतायत, म्हणजे हा प्रश्न आपल्याकडेही येणारच.

पण ते मुंबईपासूनसुद्धा साधारण 160 किलोमीटर आत समुद्रात, आणि तुमच्या तिसऱ्या इथल्या खाडीतल्या. पोलोनियम-210 तसंही निसर्गातलंच, सगळ्याच मासळीत थोडंफार असतं, शिंपल्यांत जरा जास्त. काळजी करायचीच तर खाडीत येणाऱ्या सांडपाण्याची करा आणि तिसऱ्या नीट शिजवा.

प्रश्न: मग पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर येतात ते काळे गोळे पण रेडिओॲक्टिव्ह का? – म्हापशाचेच वाचक

उत्तर: नाही हो, ते टारबॉल. समुद्रात सांडलेल्या तेलाचे गोळे, त्यांची भानगड वेगळी. पायाला चिकटले तर खोबरेल तेल चोळा, निघतात.