सिटी ऑफ हीरोज या ऑनलाइन सुपरहिरो खेळात ब्लास्टर (लांबून मारा करणारा हिरो) घेऊन सुरुवात केली, पण सारखा मरतोय. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की होमकमिंगवर (खेळाडूंनी चालवलेल्या सर्व्हरांवर) एनर्जी ब्लास्ट या पॉवरसेटचा ब्लास्टर घेतला, आठवी लेव्हल झाली आणि दर मिशनला दोन-तीनदा हॉस्पिटलची वारी होते. ब्लास्टर म्हटल्यावर ती वारी थोडीफार चालायचीच. दहाव्या लेव्हलच्या आत मरण्याला दंड नाही, तेव्हा काय मरायचं ते आत्ताच मरून घ्या. पुढे मेलात की कर्ज चढतं आणि ते फिटेपर्यंत मिळणाऱ्या एक्सपीतला (अनुभवाच्या गुणांतला) अर्धा त्यातच जातो.

आधी एक सांगा, पडलात तेव्हा इन्स्पिरेशनचा (थोड्या वेळाची ताकद देणाऱ्या गोळ्यांचा) ट्रे भरलेला होता ना? पैज लावतो, होता. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबश्यांसारख्या आपण त्या गोळ्या जपत बसतो. त्या सारख्या मिळत राहतात, खाऊन टाका. हिरवी तब्येतीला, निळी एंड्युरन्सला (पॉवर वापरायला लागणाऱ्या दमाला), लाल मारा वाढवायला आणि जांभळी शत्रूचा नेम चुकवायला. मोठ्या टोळीवर जायच्या आधी एक-दोन जांभळ्या. मार खाल्ल्यावर खाऊन फारसा उपयोग नाही. नको असलेल्या एकाच प्रकारच्या तीन साठल्या, तर त्या देऊन त्याच आकाराची हवी ती एक बनवता येते. माझ्या हे पंचविसाव्या लेव्हलला लक्षात आलं, तोवर ट्रेमध्ये नुसता कचरा.

दुसरं म्हणजे शत्रूच्या नावाचा रंग बघा. पांढरा म्हणजे तुमच्या बरोबरीचा, निळा-हिरवा खालचा, पिवळा एक लेव्हल वर, नारिंगी दोन, लाल तीन. बरोबरीच्या शत्रूला फटका लागण्याची मूळ शक्यता ७५ टक्के, लालला ४८. विसाव्या लेव्हलपर्यंत खेळ नवख्यांना थोडी सूट देतो म्हणून हे जाणवत नाही, नंतर अचानक ‘माझा नेम का चुकतोय’ सुरू होतं. म्हणून प्रत्येक हल्ल्यात पहिलं एन्हान्समेंट (पॉवरच्या स्लॉटमध्ये बसवायची सुधारणा) ॲक्युरसीचं म्हणजे नेमाचं, मग डॅमेजची म्हणजे माऱ्याची. डॅमेजची तीन झाली की चौथ्याने जवळजवळ काहीच वाढत नाही, तो स्लॉट दुसरीकडे वापरा. तरीही जड जात असेल तर हिरो कॉर्प्स फील्ड ॲनालिस्ट या खेळातल्या पात्राकडे जाऊन मिशनमधले शत्रू एक लेव्हल खाली आणा. त्यात कसली आलीय लाज.

आता उभं कुठे राहायचं. ब्लास्टरचा जीव यावरच असतो. टोळीच्या मधोमध जाऊन गोळीबार करू नका. लांबून एकाला मारा आणि लगेच भिंतीच्या कोपऱ्याआड व्हा. तुम्ही दिसेनासे झालात की सगळे धावत कोपऱ्यापाशी गोळा होतात, मग काय तो दणका द्या. वाहझिलोक या शत्रूटोळीच्या मिशनमध्ये मात्र एम्बाम्ड कॅडॅव्हर दिसला की बाकी सगळं सोडून आधी त्याला लांबूनच पाडा. ते प्रेत जवळ येऊन फुटतं, आणि तुम्ही आठव्या लेव्हलला सारखे मरताय याचं अर्धं उत्तर बहुधा तेच आहे.

टीममध्ये गेलात तर पहिला फटका टँकरला (पुढे राहून मार झेलणाऱ्या हिरोला) मारू द्या. माझ्या पहिल्या टीममध्ये टँकरने दहा-बारा गुंड छान एका कोपऱ्यात कोंडले होते. मी मोठ्या हौसेने एनर्जी टॉरेंट सोडला आणि सगळे पत्त्यांसारखे हॉलभर उडाले. चॅटमध्ये कोणी शिवी दिली नाही, नुसती तीन टिंबं टाकली. तुमच्याकडेही तोच सेट आहे, म्हणून सांगतो: हॉवर (हवेत तरंगायची पॉवर) घ्या आणि वरून मारा. वरून मारलं की माणूस लांब उडत नाही, जागच्या जागी आपटतो.

जुनी गाइडं जपून वाचा. हा खेळ एप्रिल २००४ मध्ये आला, ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद पडला, २०१९ मध्ये खेळाडूंनीच परत उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये होमकमिंगला रीतसर परवाना मिळाला. या काळात बरंच बदललंय. एंड्युरन्स लवकर भरणाऱ्या स्टॅमिनासाठी पॉवरची निवड खर्च करा, उडायला चौदाव्या लेव्हलपर्यंत थांबा, हे सगळं शिळं झालं. स्टॅमिना आता सगळ्यांना आपोआप मिळतो आणि उडणं चौथ्या लेव्हलपासून घेता येतं.

राहिला सर्व्हर. रीयुनियन युरोपात आहे, त्यामुळे आपल्याकडून लॅग कमी, पण तिथली संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र उलटलेली आणि माणसंही कमी. मी उत्तर अमेरिकेतल्या एक्सेल्सियरवर आहे. आपल्या सकाळी साडेसहाला तिकडे पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ-नऊ असतात, टीम लगेच मिळते. फक्त त्याच वेळेला आमचा दूधवाला बेल वाजवतो, त्यामुळे रोजचं एक मरण माझंही ठरलेलं आहे.