शिफ्टपुरतं काम, मग नियम चोवीस तासांचे का?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला पत्रकारितेचं एम.ए. करून तिथेच राहिली आहे. बीबीसीच्या स्थानिक रेडिओवर तिला शनिवार-रविवारी सूत्रसंचालनाचं काम मिळतंय. पाहुण्यांच्या मुलाखती, शहरातल्या घडामोडी, श्रोत्यांचे फोन असा कार्यक्रम आहे. नोकरी नाही, फ्रीलान्स, शिफ्टचे पैसे. सोबत सोशल मीडियाच्या नियमांची पानं आली आहेत. ती इथल्या आणि तिथल्या राजकारणावर रोज काही ना काही लिहिते. म्हणते, 'मी त्यांची नोकर नाही, बाकीचे पाच दिवस मला कोण अडवणार?' तिनं हे काम घ्यावं का?
– एक वडील, सांगली

उत्तर : नमस्कार. तुमच्या मुलीचा प्रश्न रास्त आहे. भरपगारी रजा नाही, कायमची नेमणूक नाही, मग घरी बसूनही तोंड का आवरायचं? पण हे नियम तुम्हाला पगार कसा मिळतो हे बघत नाहीत. ऐकणाऱ्याच्या कानावर कोणाच्या नावानं आवाज पडतो, तेवढंच बघतात.

मी पूर्वी काही वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते. महिन्याला जेमतेम सहा ड्यूट्या. लाल दिवा लागला की फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, वर, उद्घोषणा, फेडर खाली. ड्यूटी संपली की सही करून एस.टी. पकडायची. एकदा कंडक्टरकडे तिकीट मागितलं आणि पुढच्या सीटवरचे आजोबा मागे वळले. 'रेडिओवाल्या बाई ना तुम्ही?' मी हो म्हणताच पुढचा प्रश्न, 'मग सरकार कांद्याचं काय करणार आहे हो?' मी सहा ड्यूट्यांची पाहुणी आहे हे त्यांना कुठून माहीत असणार? त्या दिवशी मी कांद्यावर जे काही बोलले असते, ते संध्याकाळी त्यांच्या पारावर 'रेडिओनं सांगितलं' म्हणूनच पोचलं असतं. मी गप्प बसले, आणि का गप्प बसायचं असतं ते मला तिथे नीट कळलं.

तुमची मुलगी ज्या शहरात आहे, त्याच शहरातला गॅरी लिनेकर. लेस्टरच्या बाजारात त्याच्या घरच्यांचा फळं-भाजीचा गाळा होता. फुटबॉलपटू म्हणून नाव कमावून तो १९९९ पासून बीबीसीवर 'मॅच ऑफ द डे' सादर करू लागला. तोही फ्रीलान्स, आणि बातम्यांशी काही संबंध नसलेला. मार्च २०२३ मध्ये त्यानं ट्विट केलं की, आश्रय मागणाऱ्यांबद्दल ब्रिटिश सरकार वापरत असलेली भाषा १९३०च्या दशकातल्या जर्मनीतल्या भाषेपेक्षा फारशी वेगळी नाही. बीबीसीनं त्याला कार्यक्रमातून बाजूला केलं. इयन राइट, ॲलन शिअरर या सहकाऱ्यांनीही मग स्टुडिओत यायला नकार दिला. ११ मार्चच्या रात्री तो कार्यक्रम सूत्रसंचालकाविना, समालोचनाविना वीस मिनिटांत आटोपला. दोन दिवसांनी समेट झाला आणि नियमांची स्वतंत्र तपासणी जाहीर झाली, कारण फ्रीलान्सरना नेमकं काय लागू आहे हे बीबीसीलाही धड सांगता येत नव्हतं.

त्यातून सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. बातम्यांबाहेरच्या मोठ्या कार्यक्रमांच्या सूत्रसंचालकांना मत मांडण्याची मुभा मिळाली, पण कुठल्या पक्षाचा प्रचार करायचा नाही किंवा त्याच्यावर हल्ला चढवायचा नाही, राजकारण्यांच्या चारित्र्यावर बोलायचं नाही. कार्यक्रम चालू असताना आणि त्याच्या आधी-नंतर दोन आठवडे हे बंधन असतं.

इथे तुमच्या मुलीनं गल्लत करू नये. ही सवलत नाच, खेळ, करमणुकीच्या कार्यक्रमांची आहे. तिच्या कार्यक्रमात घडामोडी आहेत, नगरसेवक येऊन बसणार आहेत. म्हणजे तिला बातमीदारांचे कडक नियम लागू होतात असंच तिनं धरून चालावं. त्यात वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर वैयक्तिक मत द्यायचं नाही. 'मतं माझी, संस्थेची नव्हेत' ही प्रोफाइलवरची ओळ ढाल म्हणून चालत नाही. साधा लाइकसुद्धा मोजला जातो. मार्च २०२१ मध्ये बीबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमातल्या नागा मनचेट्टी यांनी एका मंत्र्यामागच्या ब्रिटिश झेंड्याची टिंगल करणारी काही ट्विट्स लाइक केली. स्वतः एक शब्द लिहिला नव्हता. तरी लाइक काढून माफी मागावी लागली.

ती म्हणेल, भारताबद्दल लिहिलं तर तिकडे कोणाला काय त्याचं? दुसऱ्या शहरात हे थोडंफार खपलंही असतं. लेस्टरमध्ये नाही. २८ ऑगस्ट २०२२ ला आशिया चषकात भारत-पाकिस्तान सामना झाला आणि त्यानंतर काही आठवडे तिथल्या रस्त्यांवर हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव आमनेसामने येत राहिले. मोबाइलवरून पसरलेल्या अफवांनी त्यात तेल ओतलं. त्या शहरात आपल्याकडचं राजकारण ही स्थानिक बातमी असते. शनिवारी फोन करणारा श्रोता दोन्हीपैकी कुठल्याही मोहल्ल्यातला असेल, आणि त्यानं तिची बुधवारची पोस्ट वाचलेली असेल. तो मोकळेपणानं बोलेल का? मला यात सगळ्यात जास्त काळजी त्या श्रोत्याची वाटते.

तरी एक गोष्ट मला खटकते आणि ती मी लपवणार नाही. पैसे दोन दिवसांचे आणि मौन सात दिवसांचं, हा सौदा फ्रीलान्सरला महाग पडतो. कायम नोकरीत चूक झाली तर चौकशी होते, बाजू मांडता येते. शिफ्टवाल्याला बहुतेकदा पुढच्या शिफ्टचा फोनच येत नाही. म्हणून जे विचारायचं ते आधी आणि ईमेलवर विचारावं, तोंडी नको : माझा कार्यक्रम कुठल्या गटात धरता? जुन्या पोस्ट्सचं काय करायचं? भारतातल्या निवडणुकीवर लिहिलेलं चालेल का? बाहेर लेख किंवा पॉडकास्ट करायचा तर परवानगी कोणाची?

काम घ्यावं का, याचं उत्तर तिच्याकडेच आहे. तिनं गेल्या तीन महिन्यांतल्या स्वतःच्या पोस्ट्स एकदा वाचून काढाव्यात. त्यातल्या किती लिहिल्या नसत्या तरी चाललं असतं, आणि कुठल्या लिहिल्यावाचून राहवलंच नसतं? दुसऱ्या ढिगात बरंच काही उरलं तर तिचा पिंड स्तंभलेखनाचा किंवा चळवळीतल्या कामाचा आहे. तेही चांगलं काम आहे, तिकडे जायला कमीपणा मानू नये. पण समोरच्याला बोलतं करण्यात तिला खरा आनंद मिळत असेल, तर हे काम जरूर घ्यावं. मतदान करता येतं, मैत्रिणींशी भांडता येतं, तुमच्याशी फोनवर तासभर वाद घालता येतो. तिथे तिला कोणी अडवत नाही.

व्हिसाचं तेवढं तपासा. विद्यार्थी व्हिसावर तिकडे फ्रीलान्स काम करता येत नाही, शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर येतं. तिचा व्हिसा बदलून झाला नसेल तर पहिली शिफ्ट त्याआधी घेऊ नका.

आणि करार आला की त्यासोबत सोशल मीडियाच्या नियमांची ती पानंही मला पाठवा. सही करायच्या आधी आपण तिघं फोनवर ती ओळीनं वाचू.