गाडी तेल पिते: इंजिन बांधायचं, बदलायचं की गाडीच विकायची?

प्रश्न: काकाजी, नमस्कार. मी नागपूरच्या बेसा भागात राहते आणि उमरेड रस्त्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जाऊन-येऊन ८० किलोमीटर पडतात. सोबत आणखी तिघी शिक्षिका असतात, पेट्रोल वाटून घेतो. गाडी २०१३ची, तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख ४२ हजार किलोमीटर चाललेली. गेल्या मे महिन्यात पाचगावजवळ इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला. ढाब्यावरून पाणी घेऊन ओतलं आणि तशीच घरी आणली. तेव्हापासून सकाळी सुरू करताना निळा धूर निघतो आणि दर दीड हजार किलोमीटरला लिटरभर तेल टाकावं लागतं. एका मेकॅनिकने हाफ इंजिनचं काम (पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलून इंजिन बांधणं) सांगितलं, ५८ हजार. दुसरा म्हणतो, जुनं इंजिन आणून ३२ हजारांत बसवून देतो. दीर म्हणतात, गाडीचे दीड लाख येणार नाहीत, त्यात ५८ हजार घालू नका, विका. काय करू?

उत्तर: ताई, तिघांनी तीन सल्ले दिले, पण कुणी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती बनतो ते, मोजल्याचं पत्रात कुठंच नाही. मला खरा त्रास त्याचा झाला. प्लग काढून गेज लावायला अर्धा-पाऊण तास लागतो. ५८ हजारांचं काम सांगणाऱ्याने तेवढा वेळ तुम्हाला द्यायला हवा होता. डॉक्टर नाडी न बघता पोट फाडायला निघाला तर आपण ऐकून घेऊ का?

आधी धुराचं बघू. तुम्ही लिहिलंय, धूर सकाळी सुरू करताना येतो. तो मिनिटभरात थांबतो का, हे मला कळायला हवं. थांबत असेल तर पहिला संशय व्हॉल्व सीलवर, म्हणजे इंजिनच्या झडपांच्या सीलवर. गाडी रात्रभर उभी असते, हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं, तेल सीलच्या कडेने थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी जळतं. ही सील म्हणजे करंगळीच्या पेराएवढी रबराची टोपी. नवी असते तेव्हा बोटात दबते. तुमच्या गाडीसारखं इंजिन एकदा सणकून तापलं, की तीच टोपी सुकलेल्या आवळकाठीसारखी कटकन मोडते. मी अशा कितीतरी चिमटीत धरून गिऱ्हाइकाला मोडून दाखवल्या आहेत. तुमच्या इंजिनात त्या बहुतेक बारा असतील. हेड न उतरवताही, सिलिंडरमध्ये हवा भरून त्या बदलता येतात. माझ्या गॅरेजमध्ये असं काम सहा-आठ हजारांत होतं. कुठं ५८ आणि कुठं आठ!

एक परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर गाडी न्या. मागच्या सीटवर एका मैत्रिणीला काचेतून मागे बघत बसवा. पूल उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढा, खाली सपाटीला आल्यावर एक्सलरेटर दाबा. त्याच क्षणी निळा भपका आला आणि विरला, तर पुन्हा सीलच. पण पूल चढताना, जोर लावताना धूर सतत मागे राहत असेल, तर पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या असण्याची शक्यता मोठी.

आता मोजणी. हे मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, तिन्ही प्लग बाहेर, पेट्रोलचा पंप बंद, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून स्टार्टरचे चार-पाच झटके. अशा लहान पेट्रोल इंजिनात १७० पीएसआयच्या आसपास दाबाचा आकडा यावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिघांत फार तफावत नको. समजा एकात १७०, दुसऱ्यात १६५ आणि तिसऱ्यात ११५ आले. मग त्या तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलेली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे सारखेच खाली असतील तर हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, बघावं, कारण तुमची गाडी तापलेली आहे. आणि या सगळ्याआधी पीसीव्ही व्हॉल्व, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी झडप, बघायला सांगा. काहीशे रुपयांची वस्तू आहे, पण ती तुंबली तर चांगलं इंजिनही तेल फेकायला लागतं.

समजा रिंगा निघाल्या. तरी लगेच बोअर करायला, म्हणजे सिलिंडर लेथवर मोठं करायला, होकार देऊ नका. हेड उतरलं की तुम्ही स्वतः तिथं जा. सिलिंडरच्या वरच्या कडेपासून आत नख फिरवा. जिथं रिंगेची चाल संपते तिथं नखाला पायरी अडकली, तर बोअर खाल्लेला आहे. पायरी नसेल आणि भिंतीवर कंपनीतल्या होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासण्याच्या, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा अजून दिसत असतील, तर तो बोअर मोडायचा नाही. त्याला होनिंग, नव्या रिंगा, बेअरिंग आणि सील पुरतात. मी सव्वा लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनात या रेघा पाहिल्या आहेत आणि शेजारच्या गाडीत साठ हजारांत त्या पुसलेल्याही पाहिल्या आहेत. किलोमीटरवरून कुणी निकाल दिला, तर मी तो मानत नाही. झीज साधारण एक दशांश मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तरच लेथवर पाठवून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घ्यावा.

जुन्या बाजारातलं इंजिन ३२ हजारांत, याला मी नको म्हणेन, आणि का ते सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी दूध घालणाऱ्या एका भाऊसाठी मी स्वतः असं इंजिन आणलं होतं. डिझेलने धुऊन लखलखीत केलेलं, दोन मिनिटं चालवून दाखवलेलं. मोजलं नाही, विश्वास ठेवला. आठ महिन्यांत खालून ठकठक सुरू झाली. ऑइल पॅन उतरवला तर बिगएंड बेअरिंगचा (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या) वरचा थर जाऊन आतलं तांबं दिसत होतं. मजुरी मी घेतली नाही, पण त्याचे इंजिनाचे पैसे गेले आणि दहा दिवस त्याची पहाटेची फेरी बंद राहिली. ती गोष्ट मला अजून टोचते. शिवाय कागदांचा प्रश्न आहे. तुमचं पासिंग एमएच ३१ असो, ४० असो की ४९, इंजिन बदललं की मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. ज्या इंजिनाचं बिल नाही, ते चोरीच्या गाडीचं नाही हे तुम्ही कसं सांगणार? उद्या अपघात झाला तर विम्याच्या माणसाची पहिली नजर नंबरावरच जायची.

आता दिरांचं म्हणणं. गाडी दीड लाखाची म्हणून ५८ हजार घालू नका, हा हिशेब मला चुकीचा वाटतो. गाडी आज विकली तर निळ्या धुरासकट दीड लाखही मिळणार नाहीत. आणि त्या पैशात जी दुसरी गाडी मिळेल, तिचंही कॉम्प्रेशन तुम्हाला माहीत नसेल. ही गाडी तुमच्या हातची आहे. तुम्ही वर्षाला शाळेचे २२० दिवस धरलेत तर साडेसतरा हजार किलोमीटर चालवता. नीट बांधलेलं इंजिन चार वर्षं, म्हणजे सत्तर हजार किलोमीटर, आरामात काढतं. ५८ हजार भागिले ४८ महिने, म्हणजे महिन्याला बाराशे. चौघींत वाटले तर तीनशे. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. २०१३ची गाडी २०२८ला पंधरा वर्षांची होईल, तेव्हा फिटनेस दाखवून पुनर्नोंदणी करावी लागेल. तिची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० वरून ५,००० झाली, वर पर्यावरण कर. पत्रा, सस्पेन्शन आणि खालची चासी गंजली असेल, तर मात्र इंजिनात पैसे घालू नका, दिरांचं ऐका. गाडी लिफ्टवर चढवून हे आधी बघून घ्या.

शेवटी जे कुणी विचारलंच नाही ते मी विचारतो. मे महिन्यात गाडी तापली कशामुळे? नागपूरच्या ४५ अंशांत रोज हजारो गाड्या चालतात, सगळ्या तापत नाहीत. रेडिएटर बोअरवेलच्या पाण्याच्या क्षाराने तुंबलेलं आहे, पंखा वेळेवर लागत नाही की वॉटर पंप गळतो? आणि एक सवय आमच्याच धंद्यातली. उन्हाळा आला की बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून टाकतात आणि तो पुन्हा बसवतच नाहीत. गाडी तापत नाही म्हणून मालक खूश. पण थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, तो इंजिन त्या तापमानावर आणण्यासाठीच. तो नसला तर डिसेंबरच्या सकाळी उमरेडपर्यंत इंजिन धड गरमच होत नाही, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं आणि रिंग कोरडी घासते. त्यामुळे इंजिन बांधा की सील बदला, रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि कूलंट यांचं काम त्याच दिवशी झालं पाहिजे. नुसतं पाणी आता पुन्हा नाही.

हाफ इंजिनचंच काम निघालं, तर ५८ हजारांत काय काय आहे ते लिहून मागा. पिस्टन, रिंगा, मेन आणि बिगएंड बेअरिंग, ऑइल पंप, चेन किट, गॅस्केट सेट, लेथचं काम, तेल, मजुरी, सगळं वेगवेगळं. निघालेला माल पोत्यात भरून घरी न्या. पहिले हजार किलोमीटर गाडी फार ताणायची नाही, हजाराला तेल बदलायचं.

तोवर जाड तेल किंवा धूर थांबवणारी बाटली कुणी सुचवली तर घेऊ नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं लिटरभर तेल डिक्कीत ठेवा आणि दर सोमवारी, शाळेला निघण्याआधी, गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक बघा. तिन्ही सिलिंडरचे कोरडे आणि ओले (तेल घालून मोजलेले), दोन्ही आकडे आले की मला लिहून कळवा.