कृष्णविवर आणि घंटेचा नाद

प्रश्न : कृष्णविवरातून काहीच परत येत नाही. मग बाहेरून लावलेल्या क्षेत्राला ते ‘प्रतिसाद’ देतं, असं का म्हणतात? आणि यात होलोग्राम कुठून आला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : देवघरातली घंटा वाजवून लगेच मुठीत धरा. नाद उठतो न उठतो तोच विरतो. कृष्णविवराचंही तसंच. १९७० साली भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी गणिताने कृष्णविवरावर गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातलाच तरंग, सोडून पाहिली. परत आलं (आतून नव्हे, कृष्णविवराच्या लगतच्या बाहेरच्या भागातून) ते झपाट्याने विरणारं कंपन, आणि त्याचा सूर कृष्णविवराच्या वस्तुमानावर ठरलेला! १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने टिपलेल्या दोन कृष्णविवरांच्या टकरीतला शेवटचा सूर सुमारे २५० हर्ट्झचा होता, पेटीच्या पांढरी एकच्या किंचित खालचा.

आता होलोग्राम. सपाट फिल्मवर त्रिमितीय चित्र साठवता येतं, म्हणून हे नाव. १९९७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हुआन माल्दासेना यांनी मांडलं, की ऋण वक्रतेच्या (घोड्याच्या खोगिरासारख्या वळणाच्या) एका विशिष्ट अवकाशातलं गुरुत्वाकर्षण आणि त्याच्या सीमेवरचा गुरुत्वाकर्षणाविनाचा सिद्धांत ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. आत कृष्णविवर असेल, तर सीमेवर तापलेला द्रव असतो. सीमेवर क्षेत्र लावून द्रव ढवळला, की आत लहर निघते आणि कृष्णविवर ती गिळतं. आतला नाद विरायला लागणारा वेळ तोच द्रव शांत होण्याचा वेळ.

खरी गंमत पुढे आहे, आणि वर्गात इथे मी नेहमी खडू खाली ठेवते. द्रवाची विष्यंदिता, म्हणजे आतलं घर्षण, आतलं कृष्णविवर कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरी किती गिळतं त्यावर ठरते, आणि ते गिळणं क्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतं. एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, हीही त्याच क्षेत्रफळाच्या प्रमाणात! विष्यंदितेला एन्ट्रॉपीने भागलं, की क्षेत्रफळ उडून जातं. उरतं १/(४π), सुमारे ०.०८ (प्लांक आणि बोल्ट्झमन स्थिरांकांच्या एककात). पोलिकास्ट्रो, सॉन आणि स्टारिनेट्स या भौतिकशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हे दाखवलं.

पुढे अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत सोन्याची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळली, तेव्हा तयार झालेला क्वार्क-ग्लुऑन द्रव (प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून सुटलेल्या त्यांच्या घटककणांचा) याच आकड्याच्या आसपासचा निघाला. तो द्रव आणि माल्दासेनांचा सिद्धांत एकच नव्हेत, हे मात्र विसरू नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शिराझ मिनवाला आणि त्यांचे सहकारी तर आणखी पुढे गेले : माल्दासेनांच्या अवकाशातल्या कृष्णविवरांसाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून त्यांनी द्रवप्रवाहाची समीकरणंच काढून दाखवली.