आंब्याच्या हंगामाला पाच महिने गावी राहिलास तर

भावाने तिथे केलेल्या पिटिशनवर (अर्जावर) तुम्हा नवरा-बायकोचं ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, झालं, जूनमध्ये न्यू जर्सीला निघताय, आणि देवगडची कलमं आई-बाबांना एकट्याने झेपणार नाहीत म्हणून दरवर्षी जानेवारी ते मे गावी राहायचं तुझ्या मनात आहे. याने पुढे सिटिझनशिप अडेल का, असं विचारलंस. मी स्वतः यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तिथे दोन वेगळे हिशोब असतात आणि आपली माणसं ते एकत्र करतात. पहिला एकूण दिवसांचा. अर्जाआधीच्या ५ वर्षांत निदान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, तू प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवास. १ जानेवारी ते ३१ मे म्हणजे १५१ दिवस. पाच वर्षं असं केलंस तरी हजाराच्या वर दिवस तिथे भरतात. इथे तू सुटतोस.

दुसरा हिशोब एका खेपेचा, आणि घात होतो तो इथेच. एका खेपेत ६ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलास की तुझं तिथलं वास्तव्य खंडित झालं असं धरून चालतात. तसं झालं नाही हे तू सिद्ध करायचं. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर सिद्ध करायलाही फारशी जागा उरत नाही. परतल्यावर अर्जासाठी निदान ४ वर्षं आणि १ दिवस थांबावं लागतं. री-एंट्री परमिट, म्हणजे जास्त दिवस बाहेर राहून परत येण्याचा परवाना, काढलं की झालं, असं तुला कोणीतरी सांगेल. त्याने ग्रीन कार्ड सांभाळलं जातं, वास्तव्याची सलगता नाही.

माझे वडील अर्धांगवायूने पडले तेव्हा मी गणपतीला मालवणला आलो. दर महिन्याला तिकीट पुढे ढकलत गेलो. बाबा म्हणायचे, "शिमगो करून जा." शिमगा करूनच निघालो. २०० दिवस झाले होते. तेव्हा मी ते मोजलेही नव्हते. अर्ज भरताना प्रत्येक प्रवासाच्या तारखा लिहायच्या होत्या, तिथे कळलं.

मुलाखतीला मी दवाखान्याची जाडजूड फाइल नेली होती. मला वाटायचं, बापाचं आजारपण हेच माझं सगळ्यात मोठं कारण. अधिकाऱ्याने ती सहानुभूतीने चाळली आणि बाजूला ठेवली. त्याचे प्रश्न वेगळेच होते: त्या काळात इथलं घर कोणाच्या ताब्यात होतं? बायको-मुलं कुठे होती? नोकरी सोडली होती की रजा? भारतात काम केलं का? टॅक्स भरला का? तू का गेलास यापेक्षा तुझा संसार कुठे होता, हे ते पाहतात. बायको तिथेच नोकरीत होती, मुलं शाळेत, भाडं चालू होतं. माझी रजा मात्र तोंडी होती, कागद नव्हता. निर्णय थांबला. कंपनीचं पत्र, घराचा करार, शाळेचे दाखले असं सगळं पाठवलं, तेव्हा कुठे काम झालं. ते महिने मी घरात कोणाशी धड बोललो नाही.

तुमच्या बाबतीत दोघंही गावी येऊन राहिलात, अमेरिकेत घर नाही, नोकरी नाही, तर १८० दिवसांच्या आत असूनही पंचाईत होईल. दरवर्षी पाच-पाच महिने बाहेर असलेल्या माणसाला विमानतळावरच विचारतात, तू नक्की राहतोस कुठे? ग्रीन कार्डच धोक्यात येतं. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिली दोन वर्षं बाग कराराने दे. नोकरी लागू दे, भाड्याचं घर तुमच्या नावावर होऊ दे. मग ये, पण एकाने यावं, एकाने तिथे राहावं, आणि परतीचं तिकीट चार महिन्यांच्या आतलं काढ. म्हाताऱ्या माणसांच्या घरी मुक्काम वाढतोच, हे मी अनुभवाने सांगतो. प्रत्येक जाण्या-येण्याची तारीख वहीत लिहीत जा.

बागेबद्दल एक. परदेशी स्थायिक झाल्यावर शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. वारसाने आलेली चालते. म्हणून शेजारचा तुकडा घ्यायचं बाबांशी बोलणं चाललं असेल, तर तो व्यवहार बाबांच्याच नावाने होऊ दे.