बटणावरची लाट भलतीकडेच उठते, काय करू?

प्रश्न : काकांचं सांगली मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे, त्यांच्यासाठी साधी वेबसाइट बनवतोय. 'आजचा भाव', 'फोन करा' अशी मोठी बटणं आहेत, दाबली की बोटाखालून गोल लाट पसरावी म्हणून जावास्क्रिप्टने रिपल टाकलाय. पेज अगदी वर असताना झकास चालतं, पण खाली स्क्रोल केलं की लाट दिसतच नाही, कधी बटणाच्या तळातून अर्धीच डोकावते. एरर पण येत नाही. डोकं फिरलंय ओ.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : एरर येईल कशी, कोड चालतोयच की, फक्त मापं दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतलीत. क्लिकची जागा तुम्ही पेजएक्स-पेजवायवरून घेतली असणार, ते आकडे अख्ख्या पानाच्या वरच्या टोकापासून येतात, आणि बटणाची जागा सांगणारं गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट मात्र आत्ता स्क्रीनवर जेवढं दिसतंय त्याच्या टोकापासून मोजतं. पान ८०० पिक्सेल सरकलं की लाटही ८०० पिक्सेल खाली जाऊन पडणार, आणि बटणाला ओव्हरफ्लो हिडन (कडेबाहेर जाईल ते लपवा) असल्यामुळे ती कापली जाणार. क्लायंटएक्स-क्लायंटवाय घ्या, तेही स्क्रीनच्याच टोकापासून मोजतात, त्यातून गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टने दिलेला लेफ्ट आणि टॉप वजा करा, मिटलं. ऑफसेटएक्स वापर म्हणून कोणी सांगेल, नका ऐकू, बटणात फोनचं चिन्ह असलं आणि बोट नेमकं त्यावर पडलं तर माप त्या चिन्हापासून धरलं जातं.

गोलाचा व्यास बटणाच्या रुंदी-उंचीत जे मोठं असेल तेवढा ठेवा, लेफ्ट-टॉपमधून त्याचा निम्मा वजा करा म्हणजे मध्य बोटाखाली येतो, आणि स्केल, म्हणजे आकाराचा पट, ० पासून ३ पर्यंत न्या, कोपऱ्यात दाबलं तरी पूर्ण बटण भरतं. रुंदी-उंची अॅनिमेट करू नका, स्वस्तातल्या मोबाइलवर अडखळतं, ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी बस्स. अजून एक, अॅनिमेशनएंड (अॅनिमेशन संपल्याचा इशारा) झाल्यावर लाटेसाठी बटणात टाकलेला स्पॅन काढून टाकता ना? नसाल तर प्रत्येक दाबाला एक स्पॅन आत साठत जातोय, दिसत नाही एवढंच.

कीबोर्डने एंटर दाबला तर बोटाची जागाच नसते, क्लायंटएक्स सहसा शून्य येतो आणि लाट भलत्याच कोपऱ्यातून निघते. क्लिक इव्हेंटचा डिटेल शून्य असेल, म्हणजे कीबोर्डने दाबलं असेल, तर लाट सरळ मधून सोडा. फोटोला किंवा इनपुटला रिपल हवा असेल तर आधी बाहेरून डिव्ह गुंडाळा, त्यांच्या आत स्पॅन बसत नाही. आणि ज्यांनी फोनमध्ये अॅनिमेशन कमी करून ठेवलंय त्यांच्यासाठी प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन या सीएसएसच्या अटीत हे सगळं बंद.

२०१४ ला गूगलने मटेरियल डिझाइन आणलं तेव्हापासून ही लाट जिथेतिथे दिसते, म्हणून भावाच्या तक्त्यातल्या ओळींना पण लावू नका हां, लाट उठली की माणसाला वाटतं आता काहीतरी उघडणार, आणि तिथे उघडायला काहीच नाही, मग शेतकरी फोन करून काकांनाच विचारत बसतील.