अमेरिकेतील उदारमतवादी आणि परंपरावादी यांच्या स्वभावांत खरोखर फरक असतो का?

होय, फरक असतो. पण तो सरासरीचा आणि माफक असल्याने एखाद्याच्या स्वभावावरून त्याचे मत ओळखू पाहणे चुकीचे ठरेल. व्यक्तिमत्त्वाच्या पंचघटक चाचण्यांमध्ये (म्हणजे स्वभाव पाच ढोबळ गुणांत मोजणाऱ्या चाचण्यांमध्ये) उदारमतवादी नव्या अनुभवांविषयीच्या मोकळेपणात, तर परंपरावादी शिस्त आणि नेटकेपणात काहीसे पुढे असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मानसशास्त्रज्ञ डेना कार्नी, जॉन जोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर लोकांच्या राहत्या खोल्याच तपासल्या होत्या: परंपरावाद्यांच्या खोल्यांत कॅलेंडर, टपाल तिकिटे, इस्त्री, शिवणाचे सामान अधिक सापडले, तर उदारमतवाद्यांकडे नाना विषयांची पुस्तके, नकाशे आणि तऱ्हेतऱ्हेच्या संगीताच्या सीडी. मला हा पुरावा प्रश्नावलीपेक्षा बोलका वाटतो. मात्र ‘परंपरावादी मुळातच अधिक भित्रे असतात’ हा दावा जपूनच घ्यावा. भीतीदायक चित्रे पाहताना त्यांच्या त्वचेची प्रतिक्रिया (म्हणजे घामामुळे तिच्या विद्युतवाहकतेत होणारा बदल) तीव्र असते, असे २००८ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या छोट्या प्रयोगात म्हटले होते, पण २०२० साली बऱ्याच अधिक लोकांवर तो पुन्हा केला असता तसा संबंध दिसला नाही.